आयझिरेकनं ओतलेला चहा

नानच्या रोटीवर हात ठेवून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! खोटा निघाला तर उरलेले दोन दात आत्ता गळून पडोत.

आमच्या नारीनच्या मुलखात पहिलं पोर आजीला देऊन टाकतात. आयझिरेकलाही दिलं. ती आजीला आई म्हणायची आणि जन्म देणाऱ्या गुलसाराला ताई. ती सात वर्षांची असताना आजी मेली, मग गुलसारानं पोर परत आणली. तिच्या तोंडून ‘ताई’ निघालं की कोळशाच्या कोठीत कोंडायची.

“आई म्हण, मग दार उघडते!”

पोर म्हणायची. दार उघडत नसे. अख्खा हिवाळा ती काळं शिंकत होती. कोंबड्या तिला कावळा समजून पळायच्या.

बाविसाव्या वर्षी तिची खोड पक्की झालेली. कुणी माया लावली की त्याला ओरबाडायचं आणि बघायचं, जातो का. मैत्रिणी गेल्या. तिच्याशी लग्न करू पाहणारा एर्मेक तेवढा टिकला. त्याचा फोन हिनं नदीत फेकला तर म्हणाला, “बरं झालं, मासे घरी फोन करतील!”

मग एर्मेकला घेऊन त्याची आई बुरुल आली, होणाऱ्या सुनेच्या कानात डूल घालून लग्न पक्कं करायला. घातले, गालाचा मुका घेतला. “किती वाळलीस गं! चल माझ्याकडे, लोणी चारून वासरू करते तुझं.”

आयझिरेकच्या मनात आलं: आत्ता गोड बोलते, उद्या दार लावेल. मग आजच बघू.

पाहुण्याच्या चहाची वाटी आम्ही अर्धीच भरतो. काठोकाठ भरली, की प्या आणि चालू लागा. आयझिरेकनं काठोकाठ भरली.

“हात थरथरला पोरीचा,” बुरुल हसली आणि प्यायली.

दुसरीही काठोकाठ. बुरुल तीही प्यायली.

“आयझिरेक, नको ना गं,” एर्मेक पुटपुटला.

तिसरी इतकी भरली की ऊन चहा बुरुलच्या मांडीवर सांडला.

“तीनदा हाकललंस, बाळा.” बुरुलनं स्वतःच्या हातानं डूल काढून घेतले. “ऊठ रे एर्मेक.”

तो उठला.

“पाहिलंत?” गुलसारा म्हणाली. “लहानपणापासून अशीच. कोण ठेवून घेणार हिला!”

आयझिरेक रडली नाही. उलट छाती हलकी झाली. गेलेच शेवटी! तिचं खरं ठरलं होतं. दारात एर्मेकनं एकदा मागं वळून पाहिलं.

बरं बाई, ते वळून पाहणं माझ्या पदरचं. वळला नव्हता तो.