लोंबता वेल

हिल्डाने ओटीवर पाय ठेवला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस, फक्त दोन दिवस ती भाचीच्या बाप्तिस्म्याला माहेरी गेली होती. तेवढ्यात सासऱ्यांनी तिच्या टोपल्यांची पार वाट लावली होती.

आगाशीत प्लासिडबाबांची पानवेलीची वाडी, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण सुनेने विहिरीकडचा पडीक तुकडा मागितला तेव्हा चारचौघांत हसून म्हणाले, आधी ओटीवर काही पिकवून दाखव. नाताळच्या ताटात तुझ्या हातचं आलं तर तुकडा तुझा, नाहीतर पुतण्या आग्नेल मागतोच आहे. हिल्डाही हट्टाला पेटली. बहीण ॲनी मुंबईत एका परदेशी बाईकडे कामाला होती, तिच्याकडून बोराएवढ्या टोमॅटोचं बी आणलं. टोपल्यांत नारळाचं सोडण अंथरलं, शेणखत-माती भरली, काथ्याने वाशाला टांगल्या, दोन वेळा पाणी घातलं. हा टोमॅटो वर चढत नाही, टोपलीच्या काठावरून खाली लोंबतो. बाजूचे फुटवे खुडायचे नाहीत, फळ त्यांनाच धरतं. हे तिने बाबांना एकदा नव्हे, दहादा सांगितलं होतं.

आणि बाबांनी काय करावं? स्टुलावर चढून एकूण एक फुटवा खुडला. लोंबत्या फांद्या उचलून, पानवेल बांधतात तशा केळीच्या सोपटाने बांबूला करकचून बांधल्या. निम्म्या जागीच मोडल्या. वर स्वारी शाबासकीची वाट बघत उभी.

तिचा नवरा कॉन्रॅड म्हणाला, म्हाताऱ्याने भल्यासाठीच केलं. त्या भल्याचाच तर हिल्डाला संताप आला. तिने न विचारता वाडीतलं एक पान खुडलं असतं तर ह्याच माणसाने घर डोक्यावर घेतलं असतं! कोणाशी न बोलता तिने खतखड्ड्यातून फुटवे उचलून आणले, त्यांचे हिरवेगार टोमॅटो तोडले आणि मिरची-आल्याबरोबर सिरक्यात मुरत घातले.

नाताळच्या दुपारी पाहुण्यांसमोर तिने ते सर्वांत आधी बाबांच्या ताटात वाढले. आग्नेल हसला, लाल तर एकही दिसत नाही म्हणाला.

"लाल व्हायला आठ दिवस हवे होते," हिल्डा म्हणाली. "ते का नाही मिळाले, हे बाबांना विचार."

बाबांनी एक टोमॅटो चावला, सावकाश गिळला.

"आमच्या वाडीत लोंबता वेल म्हणजे मेलेला वेल," ते म्हणाले. "मला बघवला नाही गं."

चुकलो, असं काही ते म्हणाले नाहीत. हिल्डाला तेवढंच ऐकायचं होतं, जमिनीपेक्षाही जास्त. बाबांनी ताटातले सगळे टोमॅटो संपवले आणि सर्वांदेखत सांगून टाकलं की विहिरीकडचा तुकडा हिल्डाचा. कॉन्रॅडचा जीव भांड्यात पडला. हिल्डा मात्र हातात डाव घेऊन तशीच उभी होती.

"मग तिथे तुम्ही पाऊल टाकायचं नाही, बाबा. मी बोलावल्याशिवाय नाही."

बाबांनी मान हलवली. तरी तिचा राग गेला नाही.