बास म्हटलं की थांबायचं

एकशे सहा वाक्यं होती. गाडी सुरू करण्याआधी ट्रकभोवती एक फेरी मारायची, एकेका भागाला हात लावायचा आणि परीक्षकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं: तडा नाही, वाकलेलं नाही, तुटलेलं नाही. नट-बोल्ट, पट्टे, टायर, दिवे, सगळ्यांना हाच आशीर्वाद. माझ्या आईने चाळीस वर्षं चर्चमध्ये प्रार्थना म्हटल्या, पण तिलाही त्या इतक्या बिनचूक येत नसतील. मी भांडी घासताना म्हणायचे, आंघोळ करताना म्हणायचे. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाठांतर म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

ट्रक चालवायची आमची शाळा जत्रेच्या मैदानावर भरायची. मिझुरीच्या आमच्या कोपऱ्यात ऑगस्टमध्ये तिथे डुकरांची स्पर्धा होते, बाकी वर्षभर मैदान रिकामंच. पिवळे शंकू मांडलेले, दोन जुने ट्रक, आणि आमचा मास्तर हर्शेल. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल.

"वर्ना, ट्रेलर म्हणजे नवरा समज," तो म्हणायचा. "मागे घेताना उजवीकडे पाठवायचाय? मग सांगताना डावीकडे सांग."

"माझा नवरा तर सांगितलं की जागचा हलायचाच नाही," मी म्हणायचे. पोरं हसायची. वर्गात अकरा जण होते, त्यात मी एकटीच बाई आणि वयाने सगळ्यांत मोठी.

हर्शेलचा आवाज मला नीट यायचा. जाड आवाज येतात मला. बारीक आवाज गेलेत. एकोणीस वर्षं मी कोंबड्यांच्या कारखान्यात कापायच्या सरकत्या पट्ट्यावर उभी होते, डाव्या हाताला करवत, समोर पांढरी भिंत. कानात घालायला स्पंजाचे बोळे द्यायचे. घाम आणि चरबीने ते तासाभरात निसटून पडायचे आणि हात कोंबडीत असताना ते परत कोण घालणार? आधी फोनची घंटी गेली. मग मुलगी स्वयंपाकघरातून बोलायची ते गेलं. फेब्रुवारीत कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. मी नाही रडले. मला आता समोर भिंत नको होती, काच हवी होती. ट्रकची ती एवढी मोठी काच, आणि तिच्यापलीकडे काहीही असलं तरी चालेल.

पण ट्रक चालवायचा तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी कुजबुज ऐकायची असते. डॉक्टर पाच फुटांवर पाठीमागे उभा राहतो आणि अगदी हळू आवाजात आकडे, शब्द म्हणतो. आपण ते परत म्हणायचे. माझ्यासमोर भिंतीवर हात पुसायच्या कागदांची चकचकीत स्टीलची पेटी होती. तिच्यात डॉक्टरचं तोंड दिसत होतं, थोडं फुगलेलं, पण ओठ स्वच्छ. करवतीशेजारी एकोणीस वर्षं काढली की ओठ वाचता येतातच, नाहीतर गप्पा मारायच्या कशा? मी सहाच्या सहा बरोबर सांगितले. फसवणूक म्हणा. फसवणूकच होती.

त्यानंतर माझे कान कोणी तपासले नाहीत. परीक्षा पास झाले, लायसन्स आलं, स्प्रिंगफील्डच्या एका कंपनीने घेतलं. कंपनीचा नियम साधा होता. चार आठवडे एका जुन्या ड्रायव्हरबरोबर फिरायचं. शेवटी त्याने कागदावर सही केली तर स्वतःचा ट्रक मिळणार. मध्ये कुठे ठोकलंत, तर त्याच दिवशी बसने घरी.

मला मिळाली इमोजीन टॅकेट. केंटकीची, एकसष्ट वर्षांची, अंगाने काडी, डोक्यावर पिवळी टोपी. तिच्या हाताखाली शिकणारे सगळे तिला मिस इमोजीन म्हणत. आवाज असा बारीक की शिट्टीच. समोर असली की मी ओठांवरून वाचायचे.

"हे बघ बाई," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "माझा उजवा खांदा कामातून गेलाय. तीस वर्षं ट्रेलर सोडवायचा दांडा ओढून ओढून गेला. त्यामुळे बाकीच्यांसारखे मी मागे उभी राहून हातवारे करत नाही. माझा घसा हाच माझा हात. रिव्हर्स घेताना दोन्ही काचा खाली, रेडिओ बंद. मी येऊ दे म्हटलं की यायचं आणि बास म्हटलं की थांबायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. थांबायचं."

मी म्हटलं, "हो, मिस इमोजीन."

आणि रिव्हर्स घेताना मी कान नाही, डोळे लावले. तिची पिवळी टोपी आरशात दिसेल अशीच गाडी वळवायची. ती ओरडली की तिची हनुवटी पुढे यायची, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. ते दिसलं की ब्रेक. तिला वाटायचं, काय आज्ञाधारक बाई मिळाली आहे!

गाडी चालू असताना मात्र पंचाईत व्हायची. ती मागच्या पलंगावर पडद्याआड पडून बोलायची आणि मी अंदाजाने हो म्हणायचे.

"अगं, मघाशी विचारलं जेवायला कुठे थांबायचं, तर म्हणतेस हो," एकदा पडदा सारून ती म्हणाली. "हो नावाचं हॉटेल आहे का अर्कान्सात?"

"इंजिनाचा आवाज, मिस इमोजीन."

"इंजिन काय, लग्नाला नेलं तरी तू हो म्हणशील."

दुसऱ्या आठवड्यात ओक्लाहोमातल्या एका ट्रक स्टॉपवर सकाळी मी माझी एकशे सहा वाक्यं म्हणत होते. जुन्या ड्रायव्हरांची एक खोड असते. शिकणाऱ्याच्या नकळत ते गाडीत काहीतरी बिघाड करून ठेवतात आणि तो सापडतो का ते बघत बसतात. मी ट्रेलरच्या हवेच्या नळ्यांपाशी आले, हात लावला आणि घडाघडा म्हणाले, "तडा नाही, कापलेल्या नाहीत, हवा गळताना ऐकू येत नाही."

इमोजीन कॉफी पीत उभी होती. "पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"हवा गळताना ऐकू येत नाही."

"पुन्हा."

तिसऱ्यांदा म्हणताना माझं मलाच कळलं. मी सांगत होते ते शब्दशः खरं होतं. मला ऐकू येत नव्हतं. परीक्षेत ह्याच वाक्याला मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. मी खाली वाकले, बूट बांधायचं निमित्त करून तळहात डबक्यात ओला केला आणि नळीच्या जोडाभोवती फिरवला. एका बाजूला गार वारा लागला.

"इथे गळतंय," मी म्हटलं. "रबराची चकती चिरलीय."

"आता कशी!" ती खूश झाली. "तोंडाने पोपटपंची करतेस आणि कान घरी ठेवून येतेस. एवढं फुसफुसतंय, शेजारच्या ट्रकवाल्यानेसुद्धा वळून बघितलं."

मी हसले. ओला हात पँटला पुसला.

चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी आम्ही मेम्फिसच्या अलीकडे एका किराणा गोदामात माल उतरवायला गेलो. शनिवारी सही व्हायची होती. दुपारचे दोन. माल उतरवायच्या धक्क्यावर रांगेने ट्रेलर लागलेले, त्यातल्या दोन ट्रेलरमधल्या फटीत आमचा घालायचा होता. शेजारच्या ट्रेलरवर थंडाव्याचं यंत्र धडधडत होतं. पुढून गोदामाचा एक ट्रकवाला वाट अडली म्हणून हात उडवत होता. इमोजीन उतरली, मागे गेली. येऊ दे, येऊ दे. तिची हनुवटी दिसत होती, टोपी दिसत होती. मी इंच इंच मागे.

मग टोपी दिसेना.

शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात, माणूस आरशात दिसेनासा झाला की थांबा. हर्शेलने हे किती वेळा सांगितलं असेल. मी उजव्या आरशात पाहिलं, तिथेही नाही. वाटलं, बाजू बदलत असेल. वाटलं, पुढचा तो माणूस बघतोय, आता थांबले तर म्हणेल बाईला येत नाही. वाटलं, काही असतं तर ती ओरडली असती. हे मला वाटलं! मला, जिला तिचं ओरडणं कधी ऐकूच आलेलं नाही. आपण रचलेल्या खोट्यावर आपलाच विश्वास बसतो तो असा. ब्रेकवरून उचललेला पाय मी तसाच ठेवला आणि गाडी सरकत राहिली.

समोरच्या काचेतून दिसलं, तो ट्रकवाला उडी मारून उतरला होता आणि दोन्ही हात डोक्यावर हलवत माझ्याकडे धावत येत होता. त्याचं तोंड उघडं होतं. ओठांवरून एकच शब्द कळला: बाई.

मी ब्रेक दाबला. हातब्रेकची दोन्ही बटणं ओढली. कशी उतरले, आठवत नाही.

धक्का आणि ट्रेलर यांच्यामधल्या कोपऱ्यात इमोजीन भिंतीला चिकटून उभी होती. डावा हात ट्रेलरच्या दारावर टेकलेला, जणू तेवढ्याने तो थांबणार होता. पायाशी माल ठेवायच्या लाकडी पॅलेटची मोडकी फळी. फळी चाकाखाली येऊ नये म्हणून इमोजीन ती ओढायला आत शिरली होती. ट्रेलरचा लोखंडी दांडा आणि तिची छाती यांच्यात वीतभर जागा उरली होती. टोपी खाली पडली होती आणि तिचे पांढरे केस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"चारदा!" ती बाहेर आली ती माझ्यावर धावूनच. "चारदा ओरडले मी! बास, बास, बास म्हणून! कानात काय बोळे घातलेस?"

मी खाली पडलेली टोपी उचलून तिच्यापुढे धरली.

तिने शेजारच्या धडधडणाऱ्या यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा राग ओसरला. "ह्या मेल्या यंत्रापुढे कोणाचं काय ऐकू जाणार," ती म्हणाली. "आणि मी तरी आरशाबाहेर कशाला तडमडले? तुला ऐकू आलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर."

माल उतरायला दोन तास लागणार होते. आम्ही गाडीत बसलो. तिने शेंगदाण्याच्या लोण्याची बिस्किटं काढली. पाकीट तिच्याने फुटेना. मी फोडून दिलं.

"हे ऑफिसात कळवायचं नाही," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "कळवलं तर तू घरी, आणि मीही. शिकवणारीने नजरेआड जायचं नसतं. तू माझं झाक, मी तुझं झाकते. परवा सही करते. चार आठवड्यांत एकदाही ठोकलं नाहीस तू. चांगली ड्रायव्हर होशील."

सुटले होते मी. हवं ते सगळं तिने माझ्या ओंजळीत घातलं होतं आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला फार छान जमतं. मी बिस्कीट खाल्लं. बाहेर धक्क्यावर एक माणूस उकिडवा बसून सिगरेट ओढत होता, पाठ ट्रेलरकडे. पुढच्या आठवड्यात मी एकटी असेन आणि माझ्यामागे असाच कोणीतरी असेल. मला वाचवायला दर वेळी समोरून कोण धावत येणार?

पण खरं सांगायचं तर मला त्या माणसामुळे बोलावंसं वाटलं नाही. वाटलं ते तिने चूक स्वतःच्या अंगावर घेतली म्हणून. मी तिला जवळजवळ चिरडलं होतं आणि ती मला बिस्किटं देत होती. मला स्वतःची किळस आली.

"मिस इमोजीन, ते यंत्र नव्हतं," मी म्हटलं.

"काय नव्हतं?"

"यंत्र नसतं तरी मला ऐकू आलं नसतं. तुमचा आवाज मला येत नाही. कधीच आलेला नाही. मी तुमची टोपी बघून थांबते." मग कारखाना, करवत, डॉक्टर, स्टीलची पेटी, सगळं ओकून टाकलं. बिस्कीट तिच्या मांडीवर तसंच पडलं होतं.

माल उतरला. तिने किल्लीसाठी हात पुढे केला आणि स्वतः स्टीअरिंगवर बसली. स्प्रिंगफील्डपर्यंत तिने रस्त्यावरून नजर काढली नाही. पाच तासांत ती काही बोलली असेल तर मला माहीत नाही. मी काचेतून बाहेर बघत होते. एवढी मोठी काच, आणि मला वाटत होतं आता शेवटचं बघून घे.

कंपनीच्या यार्डात गाडी लावून ती उतरली. मी माझ्या बाजूने उतरले, पिशवी ओढली. पाठीमागून ती काही म्हणत असेल म्हणून वळले, तर मागे कोणीच नव्हतं. ती ट्रकच्या नाकासमोरून वळसा घालून माझ्याकडे येत होती, दुखरा खांदा धरून, सावकाश. माझ्यापासून हातभर अंतरावर, दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी ती उभी राहिली. टोपी काढली. मग बोलली, एकेक शब्द सुटा.

"मी सही करणार नाही."

मी मान हलवली.

"आज काय झालं ते ऑफिसात मी सांगते. माझंही सांगते. तू घरी जा. कानाला यंत्र लाव. त्या डॉक्टरकडे परत जा आणि ह्या वेळी डोळे मिटून बस."

"आणि मग?" मी विचारलं. "मग घेतील मला?"

मान फिरवून उत्तर दिलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. मला ऐकूही आलं नसतं. तिने मान फिरवली नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली.