निळ्या गाडीचं गाऱ्हाणं

गोदा सकाळपासून तीनदा पांढऱ्या गाडीत चढली आणि तीनदा उतरली.

हर्णेच्या रस्त्याला मुसाचं गॅरेज. बारा वर्षं मस्कतला पत्रे जोडून आलेला मुसा आता जुन्या टेम्पोंत घरं बांधून विकतो. अंगणात दोन उभी होती. पांढरी मोठी, चौघांना निजण्याएवढी, स्वयंपाकाच्या ओट्यासकट. निळी लहान : एक बाकडं, एक शेगडी, एक खिडकी. निळीसाठी दापोलीचं गिऱ्हाईक चार वाजता यायचं होतं.

"पांढरीच बरी," गोदा म्हणाली. "ओमकार आला, सून आली, तर निजवू कुठं?"

"गोदाताय, फिरायला जाणार कोण?"

"मी. एकटीच."

"मग चार गाद्या काय समुद्राला?"

चहा घेऊन आलेली मुसाची बायको शमीम हसली. गोदाला काही हसू येईना. अलोऱ्यात एकवीस वर्षं तिने शाळेची व्हॅन चालवली. रोज चावी फिरवण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायची, "बा वेळणेश्वरा, पोरांना नेत्ये तशी परत आण," आणि मागून सगळी पोरं ओरडायची, "व्हय म्हाराजा!" तो होकार आल्याशिवाय तिने कधी चाक हलवलं नाही. रिकामी गाडी म्हणजे काय, हेच तिला ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. मुलगाच होता.

"आई, मोठीच घे गं. मे महिन्यात आम्ही सगळे येतो. तोवर राहील दारात उभी."

दारात उभी. नवरा गेल्यापासून तीही दारातच उभी होती. आज हा येईल, उद्या तो येईल.

"बघत्ये," म्हणून तिने फोन पिशवीत टाकला. "मुसाभाय, निळीची चावी द्या. बंदरापर्यंत जाऊन येत्ये."

ती बसली. आरसा नीट केला. आरशात बाकडं, बाकड्यावर तिची पिशवी, पिशवीमागे खिडकीभर ऊन.

"बा वेळणेश्वरा," ती पुटपुटली, "ही गोदा निघाल्ये. कुठं ते ठरलं नाही. वाटेत वाट दे, वळणाला हात दे, एकटीला सोबत दे."

आणि सवयीने थांबली.

मागून कोणी बोललं नाही. वाऱ्याने शेगडीचं झाकण तेवढं थरथरलं. गोदाचा हात चावीवरून सुटला, पुन्हा बसला, पुन्हा सुटला. उतरावं. पांढरी घ्यावी. माणसं येतील तेव्हा येतील.

गॅरेजातलं घड्याळ साडेतीन दाखवत होतं.

"व्हय म्हाराजा," गोदा म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला स्वतःलाच पटेना. मग घसा साफ करून तिने पुन्हा म्हटलं. पोरं म्हणायची तसं, ताणून.

शमीम दारातून डोकावली. "ताय, चहा निवतोय."

"निवू दे. दापोलीवाल्याला सांगा, निळी गेली म्हणून."

चाकाखालची तांबडी खडी करकरली आणि गाडी फाटकाबाहेर पडली.