सोळा सोमवारांची जखम

दर सोमवारी सिस्टर त्याच्या बायकोच्या पावलावरची पट्टी सोडायच्या, जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवायच्या आणि जखम किती भरली ते कळावं म्हणून पेनाने तिची कड गिरवून तारीख टाकायच्या. चार महिने हे चाललं होतं. तो टँकरचा ड्रायव्हर; पंधरा दिवस गाडीवर, पंधरा दिवस घरी. घरी असला की भाजीतल्या मिठापासून टीव्हीच्या आवाजापर्यंत सगळ्यावर खेकसायचा. "मनाचा वाईट नाही हो, तोंडच तेवढं फटकळ," असं शेजारी म्हणत. आपणही आपल्या घरातल्या कुणाबद्दल तरी असंच म्हणतो, नाही का? "परत गाडीवर कधी जाणार?" बायको दर खेपेला विचारायची, आणि हिला माझ्याशिवाय करमत नाही असं तो मित्रांना कौतुकाने सांगायचा.

"तुमच्या औषधात दमच नाही, सिस्टर!" सोळाव्या सोमवारी तो कडाडला. "आता डॉक्टर पाऊल कापायची भाषा करतात!"

सिस्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि सगळी प्लास्टिकं टेबलावर ओळीने मांडली. "तारखा वाचा, दादा."

त्याने वाचल्या. तो गाडीवर असताना जखम आक्रसली होती. तो घरी आला की तिथेच अडली होती. दोनदा तर वाढली होती.

"आजवर हात नाही उगारला मी तिच्यावर!"

"नसेल उगारला. पण काळीज धडधडवणाऱ्या, घाम फोडणाऱ्या नसा आपल्याला विचारून चालत नाहीत. त्याच नसा जखम भरणाऱ्या पेशींनाही निरोप देतात. माणूस भेदरलं की निरोप जातो, आधी जीव वाचवा, डागडुजी मागाहून. एखाद्या दिवसाची भीती शरीर पचवतं. रोजचीच झाली की डागडुजी रखडते. वहिनींना साखरेचा आजार आहे, वय आहे. सगळा दोष तुमचा नाही. पण तुमचा वाटा तुम्ही कमी करू शकता."

त्याने रजा टाकली. चहा गार मिळाला तरी ब्र काढला नाही. तर ती दारात उभी राहून कापऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, आज बोलत का नाही? माझं काय चुकलं?" तो तिच्यासमोरच हमसून रडला. इतक्या वर्षांची धास्ती आठवड्यात कशी जाणार!

पू हाडापर्यंत गेला होता. पाऊल कापावं लागलं.

शुद्धीवर आल्यावर तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. त्याने तिचा हात हातात घेतला. तिचा तळवा घामाने ओला होता.

"अगं, तुझं काही चुकलं नाही. माझंच चुकलं."

ती हळूच म्हणाली, "परत गाडीवर कधी जाणार?"

या वेळी त्याला तो प्रश्न कळला.

वाचकहो, आपला आवाज घरच्यांच्या नुसत्या कानावर पडत नाही, त्यांच्या अंगात भिनतो. तो आजच खाली आणा. त्यानेही आणला, पण फार उशिरा.