क्लॅरिनेटचा श्वास

सूनबाईने गाणं बसवायला घेतलं आणि सासूबाईंच्या पोटात दुखू लागलं.

चार बायकांचे गळे, एक क्लॅरिनेट, दोन बासऱ्या. चाल सूनबाईची. कुणी कुठे उचलायचं, कुणी कुठे तोंड मिटून बसायचं, तेही तीच ठरवणार. एवढंही सासूबाईंनी गिळलं असतं. पण क्लॅरिनेट वाजवणारा त्यांच्या पोटचा होता. शाळेत होता तेव्हापासून आईच्या गाण्यामागे फुंकत आलेला. तिने दम घेतला की घ्यायचा, तिने सूर सोडला की सोडायचा. आता मात्र डोळे बायकोच्या हाताला चिकटलेले.

"बघतोय कसा! जशी काही तिच्या बोटांतून साखर गळतेय," शेजारी उभी असलेली शिंपीण कुजबुजली. तालीम तिच्याच दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये चालायची, म्हणून तिला बोलायचा जास्त हक्क.

"तू तुझा सूर सांभाळ. मघापासून घसरलाय तो."

तिसरी ओळ लांब होती. मध्ये कुणीही दम घ्यायचा नाही, असं सूनबाईने बजावलं होतं. सासूबाईंनी नेमका ओळीच्या मधोमध दम ओढला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. आणि क्लॅरिनेटचा सूर तुटला! लेकानेही आईबरोबर दम घेतला होता.

"पुन्हा," सूनबाई म्हणाली.

पुन्हा तेच. लेकाचे कान लाल झाले.

"आई, मुद्दाम करतेस का गं?"

"वय झालं रे बाबा. छातीत हवा मावत नाही." हवा मावत नव्हती, पण आनंद केवढा मावला होता!

आता सून चिडेल, म्हणून सासूबाई कंबर कसून उभ्या राहिल्या. सूनबाईने पेन्सिल उचलली आणि प्रत्येकाच्या कागदावर त्याच जागी एक शेपटीवाला ठिपका काढला.

"आई घेतात तिथेच सगळ्यांनी श्वास घ्या. तिथेच शोभतो."

सगळ्यांनी घेतला. गाणं काय सुरेख झालं, मेलं! सासूबाईंना घरी गेल्यावर भाजीत मीठ टाकायचं सुचेना. लेक आता थांबतो तो आईसाठी, की त्या ठिपक्यासाठी? कळायचं कसं?

कार्यक्रमाला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं. आज ठिपक्यापाशी थांबायचंच नाही. बघूया, कुणामागे येतो ते.

ठिपका आला. बासऱ्या थांबल्या, बायका थांबल्या, क्लॅरिनेटही गप्प. सासूबाई एकट्याच सूर ओढत राहिल्या, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. सूनबाईने हात तसाच वर धरून बाकीच्यांना थोपवलं. लेकाची नजर त्या हातावर. छातीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत सासूबाईंनी वाट पाहिली. त्याने मान वळवली नाही. हात खाली आला, तेव्हाच त्याने फुंकर घातली.

टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एक बाई उठून आल्या. "सगळे थांबतात आणि यांचा एकटीचा सूर उरतो, ती जागा कुणी बसवली हो?"

"हिने!" लेकाने बायकोकडे बोट दाखवलं.

शिंपिणीने तोंड उघडलं. सासूबाईंनी तिचा पाय असा दाबला, की तिने ते पुन्हा मिटलं.