खिशातला वारा

"काकाजी, एकाही जहाजाचा निरोप नाही आला का?" प्रेमिलानं तिसऱ्यांदा विचारलं.

"आला असता तर लपवून ठेवला असता का मी?" चंपतराव म्हणाले आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. चिठ्ठी तिथेच होती.

सत्तावीस वर्षं ते नागपूरच्या हवामान कचेरीत नकाशे भरत होते. समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण कोकणचा वारा त्यांच्या निबेतून उतरे: लांब रेघ दहा नॉट वेगाची, आखूड पाचाची. साहेब पाहुण्यांना मुद्दाम त्यांचं टेबल दाखवत. मग यंदा, शहाऐंशी साली, ही जरीपटका वस्तीतली पोरगी आली. उपग्रहाच्या चित्रांत ढग अर्ध्या तासात किती सरकले ते मोजायची, संगणकाच्या गणितातल्या वाऱ्याशी ताडून पाहायची आणि दोन्हींचा मेळ घालून किनाऱ्याचा वारा सांगायची. आता पाहुणे तिच्याच टेबलाशी थांबत. चंपतरावांचा नुसता जळफळाट होई.

आज तिचा नकाशा रत्नागिरीसमोर पस्तीस नॉट सांगत होता. चंपतरावांचा, किनाऱ्यावरच्या ठाण्यांवरून भरलेला, जेमतेम पंधरा. ही ठाणी डोंगराच्या आडोशाला असतात, वारा कमीच दाखवतात, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

"समुद्रावरचा एक साक्षीदार आणा," साहेबांनी बजावलं होतं, "तरच होड्यांना इशारा देतो. नाहीतर चंपतरावांचाच नकाशा पुढे पाठवीन."

साक्षीदार खिशात होता. सकाळी टेलिप्रिंटरवरून जहाजाची चिठ्ठी फाडून घेतानाच त्यांनी आकडा वाचला होता. चौतीस.

प्रेमिला खुर्चीत बसली. "जाऊ द्या. माझंच चुकलं असन. तुमचा हात सत्तावीस वर्षांचा. तुमचाच नकाशा पाठवा, असं सांगन साहेबाले."

हेच तर त्यांना ऐकायचं होतं. तरी जीव सुखावला नाही.

"होड्या कवा निघतेत वं?"

"दुपारच्या भरतीवर."

घड्याळात अकरा वाजले होते. चंपतरावांनी चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली. "घे. सकाळीच आली."

तिनं आकडा वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं. "काहून, काकाजी?"

"काहून म्हणजे? जळून राहिलो होतो तुह्यावर. अजून जळून राहिलो." त्यांनी हात पुढे केला. "नकाशा इकडं दे. तुह्या हातचा वारा वाकडा दिसते."

तिनं नकाशा सरकवला. चंपतरावांनी निब पुसली, दौतीत बुडवली आणि रत्नागिरीसमोरच्या पाण्यात तीन लांब रेघा आणि एक आखूड रेघ काढली. आपला नकाशा त्यांनी घडी करून खणात टाकला, आणि शाई वाळेपर्यंत तिच्या नकाशावर हळूहळू फुंकर घालत बसले.