पहिलवानाची शिकवणी

कुकरची शिट्टी झाली आणि आमचा पहिलवान पलंगाखाली शिरला. शिरला म्हणजे अर्धाच. अकरा महिन्यांचं जर्मन शेफर्डचं ते धूड, मावणार किती? थरथरत्या पाठीवर पलंग एका बाजूने उचलला गेला आणि मी घडी करून ठेवलेले सगळे कपडे जमिनीवर आले.

"काही नाही रे, काही नाही," म्हणत मी धावले, मुलगाही धावला. आम्ही जितकं गोंजारलं तितका तो जास्तच कापायला लागला.

आमचे हे खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना शिट्टी ऐकूच आली नव्हती. चौतीस वर्षं मागावर कापड विणलं, त्या खडखडाटाने दोन्ही कान नेले. कानाला यंत्र लावलं तर म्हणतात, सगळं जग भांडी घासतंय असं वाटतं. ते यंत्र आता कपाटात असतं.

पहिलवान हे नाव मुलाने ठेवलं. घराला राखण हवी म्हणून ओळखीच्यांकडून आणला, तर त्यालाच राखायची वेळ आली. झाडूला घाबरायचा, छत्रीला घाबरायचा, स्वतःच्या शिंकेला दचकायचा. आणि घाबरलेला नसेल तेव्हा अंगात वारं भरल्यासारखा घरभर उधळायचा. पंधरा दिवसांत माझ्या दोन कुंड्या, एक चप्पल आणि एक उशी कामी आली. त्यात ह्यांचा आवाज. स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून हे बोलतात तेच मुळी ओरडून. ह्यांनी प्रेमाने "बस" म्हटलं की तो बिचारा जागच्या जागी फरशी ओली करायचा.

"आई, रविवारी मी ह्याला परत देऊन येतो," मुलगा म्हणाला. "हा आपल्याला झेपायचा नाही."

मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, फरशी मीच पुसत होते. पण ह्यांनी आमचे ओठ वाचले असावेत. पेपर खाली ठेवून दणक्यात म्हणाले, "रविवारपर्यंत माझ्याकडे द्या त्याला. रस्त्याने कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतो. नाही जमलं तर खुशाल न्या."

पहिलवान बाथरूममध्ये पळाला.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. समोरच्या मागावरचा जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून तर ह्यांना बोलायला माणूसच उरलं नाही. लोक ओरडून ओरडून कंटाळतात. मीसुद्धा कंटाळायची.

दुसऱ्या दिवशी हे अंगणात जाऊन बसले. पहिलवानाकडे पाठ करून, तोंड मिटून. तासाभराने तो मागून आला आणि सदरा हुंगायला लागला. ह्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही, फक्त बिस्किटाचा तुकडा मागे सरकवला. मग दोघांची दोस्ती जमली आणि ह्यांचे हात सुरू झाले. तळवा खाली दाबला की बस. दोन बोटं छातीला लावली की इकडे ये. हात झटकले की सुट्टी.

"हे कुठून शोधून काढलंत?" मी बेंबीच्या देठापासून विचारलं.

"कारखान्यात आम्ही असंच बोलायचो. माग चालू असला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. रोज आठ तास गप्पा मारायचो आम्ही दोघं, तोंडातून एक शब्द नाही."

एवढी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला आणि ह्यांना ही भाषा येते हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

आणखी एक गंमत माझ्या लक्षात आली. बाहेर कुठे धाडकन आवाज झाला की पहिलवान आधी ह्यांच्या तोंडाकडे बघायचा. ह्यांना काही ऐकूच आलेलं नसायचं, त्यामुळे चेहरा आपला निवांत. मग तोही हळूहळू सैल व्हायचा. म्हणजे पंधरा दिवस धावाधाव करून आम्ही मायलेक त्याला भ्यायलाच शिकवत होतो.

रविवारी सकाळी निघालो. पुढे हे आणि पहिलवान, मागे आम्ही दोघं. मी हातात पिशवी घेतली होती, म्हणजे बाजारालाच निघाल्यासारखं दिसेल. निम्मा रस्ता झाला आणि एका दुकानदाराने शटर दाणकन खाली ओढलं. पट्टा ह्यांच्या हातातून निसटला. पहिलवान रस्ता ओलांडून पलीकडे.

मुलाने ओरडायला तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

पलीकडे पहिलवान शेपूट घालून उभा होता, कुठल्याही क्षणी धूम ठोकणार. पळण्याआधी त्याने एकदा मागे बघितलं. हे निवांत उभे होते. त्यांनी तळवा खाली दाबला. तेवढ्यात मधून बस आली आणि मी डोळे मिटून घेतले.

बस गेली तेव्हा पहिलवान बसलेला होता. अंग थरथरत होतं, पण नजर त्या हातावर होती. ह्यांनी दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला, पट्टा उचलला आणि त्याला ठरल्याप्रमाणे कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं.

"बाबा, शटर एवढं आपटलं, तुम्ही दचकला नाहीत?" मुलाने कानाशी जाऊन विचारलं.

"कुठलं शटर?" हे म्हणाले.

परत देण्याचा विषय नंतर कुणी काढला नाही.

संध्याकाळी हे दोघं अंगणात होते, मी चहा केला. एरवी मी आतून तीनदा ओरडते, गल्लीला कळतं, ह्यांना कळत नाही. आज दारात जाऊन उभी राहिले आणि हे बघेपर्यंत थांबले. मग दोन बोटं छातीला लावली.

पहिलवान धावत आला आणि माझ्या अंगावर आदळला. हे मात्र जागेवरून हलले नाहीत, माझ्या हाताकडे बघत राहिले. दोन वर्षांत त्यांना अशी हाक कुणी मारली नव्हती. मग त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं. ही खूण पहिलवानाला शिकवलेली नव्हती.

"म्हणजे काय?" मी भुवया उंचावल्या.

"धागा तुटलाय. जोडून येतो," हे म्हणाले, चक्क हळू आवाजात, आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

मी कपावर बशी झाकली आणि पायरीवर बसून राहिले.